भाऊबीजेचा खोकला

बायकोची किडनी बदलल्यापासून आमच्या लालबागच्या घरात कुणी शिंकलं तरी मी लगेच खिडक्या उघडतो; औषधांमुळे तिची प्रतिकारशक्ती कमी झालीय. कोरोनाचे निर्बंध कधीच उठले, लोकही तो विसरून गेले. भाऊबीजेला तिचा धाकटा भाऊ मध्य प्रदेशातल्या देडतलाईहून खोकतच आला. मी दारातच मास्क पुढे केला.

“दाजी, आता कुठला कोरोना? मौसमी खांसी आहे,” तो हसत म्हणाला.

ओवाळणीचं ताट घेऊन बायको मागे उभी होती. “येऊ द्या हो त्याला. वर्षातून एकदा तर येतो,” ती म्हणाली. मी बाजूला झालो.

आठवडाही उलटला नाही आणि तिला ताप भरला. तपासणीत कोरोनाच निघाला. दवाखान्यात ऑक्सिजनचा मास्क बाजूला सरकवून ती म्हणाली, “त्याला सांगू नका, जिवाला लावून घेईल.”

ती अजून दवाखान्यातच आहे. त्याचा फोन आला की मी ‘बरी आहे’ एवढंच म्हणतो.