रुमालाबाहेर राहिलेला हात

निपाणीच्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर सकाळी आमच्या दारात उभा राहिला आणि टोपी काढून म्हणाला, "मास्तर, आप्पा गेलं... पहाटेच." आप्पा म्हणजे माझे मावसभाऊ, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी, माझ्याहून बरेच वडील. बेळगावाहून निपाणीपर्यंत त्या मोटारीत बसून होतो, पण मला रडू आले नाही. सारी वाट नाकात एक जुना वास घुमत राहिला, कुजत चाललेल्या मांसाचा. आप्पांना जाऊन आता महिना उलटला. आप्पांविषयी काही लिहावे असे अनेकांनी सुचवले. परंतु त्या वासाला वगळून लिहिलेले प्रामाणिक होईल असे मला वाटत नाही.

वीसएक वर्षांपूर्वी आमच्या भागात पाऊस लागोपाठ चुकला. आप्पांच्या वखारीत तंबाखू आणून घालणाऱ्या गावांतल्या चुली थंडावल्या. त्याच सुमारास कलकत्त्याहून एका चहाच्या मळ्याचे एजंट निपाणीत आले. मूळचे आपल्याच मुलखातले, बोलणे मिठ्ठास. सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. आसामातल्या मळ्याला मजूर हवे होते आणि ते पुरवण्याचा मक्ता आप्पांनी घ्यावा, अशी त्यांची इच्छा होती. गावकऱ्यांचे म्हणणे सरळ होते : "आप्पा जा म्हणलं तर जातो." आप्पा म्हणाले, आधी बघून येतो. इंग्रजी करारनामा वाचायला त्यांनी मला बरोबर घेतले. सहल रावसाहेबांच्या खर्चाने होती, आणि सांगायला लाज वाटते, मी एखाद्या वऱ्हाडात निघाल्यासारखा नवा कोट शिवून घेतला होता.

गुवाहाटीहून आम्ही आगबोटीने ब्रह्मपुत्रेतून वर निघालो. पलीकडचा काठ दिसू नये इतके ते पाणी रुंद. वेताच्या खुर्च्या, पांढऱ्या चादरी, चार वेळचे खाणे. दुसऱ्याच दिवशी वाळूवर ऊन खात पडलेल्या एका मगरीवर कोणा साहेबाने डेकवरूनच गोळी झाडली. फोटोसाठी ते धूड बोटीच्या मागच्या अंगाला टांगले गेले आणि कातडे सोलायला कोणाला सवड नाही म्हणून तसेच लोंबत राहिले. वारा मागून आला की जेवणाच्या टेबलावर तो वास येई. मंडळी नाकाला अत्तराचे रुमाल लावत आणि पुन्हा वाढून घेत. मीही घेत होतो. आप्पा मात्र ताट सारून उठले. "मास्तर, तुला हे खाली उतरतंय तरी कसं रं?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मी म्हणालो की साहेबांसमोर ताट टाकणे बरे दिसत नाही.

वाटेत एका गावाला बोट थांबली. खांबांवर उभी घरे, घराखाली माग, मागावर रेशीम विणणाऱ्या बाया. उतारूंनी त्यांना जत्रेतल्या प्राण्यांसारखे न्याहाळले. एका बाईसाहेबांनी तर विणणारीची हनुवटी धरून तिचे तोंड उजेडाकडे वळवले. आप्पा मात्र एका म्हातारीच्या शेजारी जमिनीवर बसले. तिने पितळी तबकात सुपारी पुढे केली, यांनी चंचीतली चिमूटभर निपाणीची तंबाखू दिली. ती तोंडात टाकताच म्हातारीला असा ठसका लागला की दोघेही डोळे पुसत हसत सुटली. साऱ्या प्रवासात आप्पा हसलेले मला तेवढेच आठवतात.

पुढे राखीव जंगल लागले. गवतात एक गेंडा उभा होता, आणि काठावर सरकारी पहारेकरी. याची शिकार करायला सक्त मनाई आहे, असे रावसाहेबांनी कौतुकाने सांगितले.

मळ्यावर पोहोचलो तेव्हा हिरव्या टेकड्या पाहून मी खरोखर हरखलो. रावसाहेबांनी मजुरांच्या चाळींची पहिली ओळ दाखवली : नवा चुना, दारात फुलझाडे. तंबाखूचा व्यापारी ढिगाच्या वरचे पान पाहून सौदा करत नाही. कोपरापर्यंत हात खुपसून मधले पान ओढतो, हुंगतो, मग बोलतो. आप्पा पहिली ओळ ओलांडून आत चालू लागले. "आप्पा, तिकडे चिखल आहे," रावसाहेब म्हणाले. "असू द्या की. चिखल आमच्या गावात बी हाय."

आतल्या ओळींत काय होते ते मी सविस्तर लिहू शकत नाही... उघडी गटारे, त्यात खेळणारी पोरे, तापाने भिंतीशी मुटकुळे करून पडलेली माणसे, आणि ओळीच्या टोकाला लाठी घेतलेला चौकीदार. एका दारात बसलेली बाई आमचे बोलणे ऐकून ताडकन उठली. ती नगरकडची निघाली. तिने आप्पांना पायांपासून पागोट्यापर्यंत निरखले आणि विचारले, "बाबा, तुम्ही आम्हाला न्यायला आले, का आनखी मानसं आनायला?"

चौकीदाराने लाठी आपटली आणि बाई आत गेली.

परतीच्या बोटीवर, निपाणीकराला त्याच्याच रिवाजाने जिंकावे म्हणून, रावसाहेबांनी स्वतःचा हात पुढे करून त्यावर रुमाल पसरला. आमच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरतो, हे त्यांना ठाऊक होते. "घाला हात, आप्पा. तुम्ही म्हणाल ते."

"ह्येच्याखाली माल ठरतो, रावसाहेब. माणसं न्हाय."

"अहो, माणसे तिकडे उपाशी मरतातच आहेत ना?"

"त्या गेंड्याला राखण हाय, त्येला कुणी मारू नये म्हणून. तुमच्यात माणसाला राखण हाय, त्येनं पळू नये म्हणून. ओकारी येतीया मला."

रावसाहेबांनी रुमालाची शांतपणे घडी घातली. "आणि तुमच्या वखारीत त्या बाया दिवसभर खोकतात, त्याची नाही येत वाटतं?"

आप्पांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ते कठड्याशी गेले आणि खरोखरच ओकले.

गावी आल्यावर त्यांनी एवढेच सांगितले, "तिकडं जायचं न्हाय. बघून आलोय." त्यांच्या अंत्ययात्रेत त्या गावांतला एक म्हातारा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "तवा आप्पांचा लई राग आलता. पोटाला न्हवतं, आन् ह्यो माणूस वाट अडवून बसलाय, असं वाटायचं." आप्पांना साधुपुरुष ठरवण्याची माझी इच्छा नाही. परतल्यावर त्यांनी वखारीच्या भिंती फोडून मोठ्या खिडक्या घातल्या. बाया खोकतच राहिल्या, आणि तंबाखूचा धंदा शेवटपर्यंत चालला. घरातून चहा मात्र त्याच आठवड्यात हद्दपार झाला. "चहा सोडलात, तंबाखू नाही सोडलीत," असे मी एकदा धीर करून म्हटले. ते रागावले नाहीत. "जमलं तेवढं सोडलं, मास्तर... उरलेल्याची शिसारी वागवतोय."

तेराव्याला पंगती उठल्यावर त्यांची सून माझ्यापाशी आली. "काका, आता येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी चहा करावा म्हणते. लोक नावं ठेवत्यात. चालंल न्हवं?" घरातला वडीलधारा म्हणून तिने मला विचारले. हो म्हणण्याचा मला अधिकार नव्हता, आणि नाही म्हणण्याचा तर त्याहून नव्हता. "तुमचं घर आहे, तुम्हीच ठरवा," असे मी पुटपुटलो. ती आत गेली आणि तांब्याभर ताक घेऊन आली. मी ते प्यालो.

रात्री बेळगावला घरी पोहोचलो. दमून आलात म्हणून पत्नीने न विचारता चहाचा कप पुढे ठेवला. वाफ तोंडावर आली. नाकात तोच वास भरला... आणि मी तो चहाही प्यालो.