धुकेश्वरचे दहा खांब

महामार्गाच्या नियंत्रण कक्षात धुकं ठरवायला एक माणूस होता. त्यासाठीचं यंत्र दुरुस्तीला गेलं ते गेलंच, तेव्हापासून हा खिडकीत उभा राहून रस्त्याकडेचे दहा खांब मोजायचा. चारपेक्षा कमी दिसले की रस्त्यावरच्या दिव्यांच्या पाटीवर ‘धुके. वेग चाळीस’ लावायचा. नाहीतर एका गाडीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, अशी रांगच्या रांग आदळायची.

गेली दोन वर्षं मात्र त्याला रोज तीनच खांब दिसत. भर उन्हातसुद्धा. डोळ्यांत मोतीबिंदू होता. पण कुणाला कळलं तर खिडकी जाऊन तळघरातल्या फायली नशिबी येतील, म्हणून तो मूग गिळून बसला. ड्रायव्हरांनी त्याला ‘धुकेश्वर’ नाव ठेवलं आणि शिव्याही घातल्या. पण अपघात एकही नाही! त्या दोन वर्षांत खरं धुकं पडलंच नव्हतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. उलट साहेबांनी इतर केंद्रांची माणसं त्याच्याकडे शिकायला धाडली.

“आम्हाला तर दहाही दिसतायत,” त्यातला एक चाचरत म्हणाला.

“नवीन आहात. दिसणारच.”

संध्याकाळपर्यंत त्या माणसाने सहाच मोजले. त्याचं फार कौतुक झालं.

पुढे एकदा घरात खुंटीवरच्या कोटाला धुकेश्वर “साहेब, बसा ना” म्हणाला. बायकोने हाताला धरून दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली.

पंधरा दिवसांनी तो कामावर आला, आणि पहिल्याच सकाळी खिडकीतून एकच खांब दिसला. त्याने डोळे मिटून पुन्हा पाहिलं. एकच. या वेळी धुकं बाहेर होतं.

त्याने पाटी लावली. पण कॅमेऱ्यात गाड्या तशाच भरधाव, एकमेकींना चिकटून चाललेल्या. धुकेश्वरची पाटी आता कोण मनावर घेणार? आणि बहिणीकडून परतणारी त्याची बायको याच रस्त्यावर बसमध्ये होती.

त्याने जुना मजकूर पुसला आणि नवा टाइप केला: ‘मोतीबिंदू काढला. आजचे धुके खरे. वेग चाळीस. आपला धुकेश्वर.’

पहिला ट्रक पाटीखाली आला आणि हळू झाला. मागचा टेम्पोही. हळूहळू सगळ्या रस्त्याचा आवाज उतरला.

साहेबांचा फोन आला. “उद्यापासून तळघर,” एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

मग बायकोचा आला. “अहो, सगळी बस हसतेय! ड्रायव्हर विचारतोय, खांब किती दिसतायत?”

“एक.”

“एकच म्हणतायत हो, जपून!” ती तिकडे ड्रायव्हरवर ओरडली.

डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धुकेश्वर फोन कानाला धरून घळाघळा रडला.