मला शिकवायचंय

बडोद्याच्या मराठी मुलांना एक क्रियापद धड वापरता येत नाही. गुजरातीत 'शीखवुं' म्हणजे शिकणं. दिवसभर गल्लीत, रिक्षात, दुकानात 'मारे शीखवुं छे' ऐकलेलं मूल घरी येऊन आईला सांगतं, "मला सायकल शिकवायचीय." आईला बरोबर कळतं की त्याला सायकल शिकायची आहे. पुण्याहून आलेल्या मावशीला कळत नाही. ती विचारते, कुणाला शिकवणार आहेस बाबा? मग सगळं घर हसतं आणि ते मूल रुसून बसतं.

आमच्या शाळेत यावर इलाज म्हणजे भूगोलाच्या बाई. बाई जुन्या संस्थानी कारकुनी घराण्यातल्या, मराठी अगदी खणखणीत. भाजीवाल्याशी बोलताना त्याही भाजीला 'शाक' म्हणायच्या, पण ते त्यांच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती. वर्गात कुणी 'मला शिकवायचंय' म्हटलं की त्या खडू खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "तुझं शिकायचं, माझं शिकवायचं. अदलाबदल नको." हे वाक्य शाळेत इतकं पाठ होतं की मधल्या सुट्टीत मुलं त्यावर उड्या मारत दोरी खेळायची. मीही खेळले आहे, कारण मी त्याच शाळेची. पुढे विज्ञानाची शिक्षिका होऊन तिथेच परत आले, तेव्हा बाई अजून होत्याच. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकायला मला पहिलं वर्षभर धीर झाला नाही.

नवं शतक लागून थोडी वर्षं झाली होती. शहरात जिकडे तिकडे इंग्रजी शाळांच्या पाट्या लागत होत्या आणि आमच्या मराठी माध्यमाच्या वर्गांत बाकं रिकामी पडत होती. आपणही मागे नाही हे पालकांना दिसावं म्हणून संचालक मंडळाने कॉम्प्युटर आणले, एक प्रोजेक्टर आणला. ते आले नेमके दसऱ्याच्या तोंडावर. आमचं घराणं संस्थानच्या फौजेतलं. खंडेनवमीला आमच्याकडे पणजोबांची तलवार निघते आणि तिच्या शेजारी वडिलांचा मकरपुऱ्याच्या कारखान्यातला मापं घ्यायचा व्हर्नियरही पूजेला बसतो. तेव्हा शाळेने कॉम्प्युटरची पूजा केली यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मॉनिटरच्या कडेला कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. वाईट इतकंच झालं की त्यानंतर त्या खोलीचं देऊळ झालं. चपला बाहेर काढायच्या, किल्ली मुख्याध्यापकांकडे मागायची, आणि मुलांनी हात मागे बांधून लांबून दर्शन घ्यायचं.

सगळ्यांत तरुण म्हणून प्रशिक्षणाला माझी पाठवणी झाली. तिथे 'विद्यार्थिकेंद्रित वर्ग' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला आणि मग इतक्यांदा ऐकला की विचारू नका. सांगणारे गृहस्थ मंचावरून सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटेच बोलत होते आणि आम्ही केंद्राबाहेरचे विद्यार्थी खाली बसून जांभया दाबत होतो. पण स्लाइड्स करायला शिकले. एकेक अक्षर उडत येऊन जागेवर बसतं, ते बघून मी स्वतःवरच खूश झाले. परत आल्यावर मुख्याध्यापकांनी सांगितलं की आता बाकीच्या शिक्षकांना तुम्ही तयार करायचं. दिवाळीच्या आत प्रत्येकाने प्रोजेक्टरवर एक तास घ्यायचा आणि मंडळातले लोक मागे बसून बघणार.

भूगोलाच्या बाई तिथल्या तिथे उठून म्हणाल्या की मला हे जमायचं नाही. निवृत्तीला थोडकाच काळ राहिला आहे, तेवढा तुम्हाला माफ, मी दिवाळीला घरी बसते. आवाज चढवून बोलल्या असत्या तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. त्या अगदी शांतपणे बोलल्या.

बाईंचा नकाशा पाहिला नाही त्याला हे कळायचं नाही. खडू उचलायच्या, कच्छपासून सुरुवात करायच्या आणि हात न उचलता, वर्गाशी बोलता बोलता, अख्खा गुजरात फळ्यावर आणून ठेवायच्या. खंबातचं आखात आत वळताना त्यांचं मनगट असं काही वळायचं की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत गोळा व्हायची. मी मास्तरीण झाले ती त्या मनगटामुळे. बाई घरी बसून काय करतील हे मला डोळ्यांपुढे आणता येईना. आणि खरं सांगायचं तर त्या गेल्यावर मी त्या शाळेत काय करीन, हेही येईना.

मी हट्टाला पेटले. रोज शाळा सुटल्यावर त्यांना त्या देवळात घेऊन बसायला लागले. बाई चपला काढून यायच्या, पदर खोचायच्या आणि माउस खडूसारखा चिमटीत धरायच्या. बाण कुठल्या तरी कोपऱ्यात जाऊन दडायचा. हाताला सवय व्हावी म्हणून मी त्यांना चित्र काढायचा प्रोग्राम उघडून दिला, ज्याच्यावर ब्रशांच्या डब्याचं चित्र असतं तो. त्या पांढऱ्या पडद्यावर बाईंची रेघ दारू प्यायलेल्या माणसासारखी चालायची. ज्या हाताने आखात वळवलं त्या हाताची ही गत बघून मला रडू यायचं, आणि मला रडू आलं की राग येतो, हा माझा जन्माचा स्वभाव आहे. एकदा मी त्यांच्या हातातून माउस काढून घेतला आणि खटाखटा करून दाखवलं. म्हटलं, बघा बाई, इतकं सोपं आहे.

बाईंनी मोकळा झालेला हात मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "तुझा पहिला नकाशा बटाट्यासारखा आला होता. मी तुझ्या हातातला खडू काढून घेतला होता का गं?"

मी माउस परत दिला. प्रशिक्षणात इतके दिवस बसून जे माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं ते बाईंनी एका बटाट्यात सांगितलं होतं. पण तेव्हा ते वरवरच कळलं असावं, कारण तासाच्या स्लाइड्स मीच बनवल्या. आपला जिल्हा हा विषय, रंगीत आयता नकाशा आणि त्यावर उडत येणारी गावांची नावं. बाईंना ते पटलं नव्हतं. त्यांचं म्हणणं, नकाशा काढताना कळतो, आयता समोर आला की डोळा त्याच्यावरून घसरतो. मी म्हटलं, एवढा एक तास पार पाडू या, मग बघू. माझ्यासाठी म्हणून त्या हो म्हणाल्या.

तासाच्या दिवशी सातवीचा वर्ग आत बसला होता. मागच्या बाकांवर मुख्याध्यापक, मंडळातले दोघं आणि बाहेरून आलेले एक गुजराती साहेब. मी प्रोजेक्टरपाशी. बाईंनी पहिली स्लाइड वाचली, दुसरी वाचली. शब्दन्‌ शब्द वाचत होत्या, शिक्षा झाल्यासारख्या. नंदेसरी हे नाव उडत उडत येऊन नकाशावर बसलं तेव्हा मुलं हसली, आणि त्यानंतर तेवढंही हसली नाहीत. तिसऱ्या स्लाइडला बाईंचं बोट कुठेतरी भलतीकडेच पडलं आणि नकाशा गेला. भिंतीवर नुसता निळा पडदा आणि त्यावरची चिमुकली चित्रं. मी उठले, तशी बाईंनी हातानेच मला खाली बस म्हणून सांगितलं. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मला वाटलं, संपलं. आता या माउस सोडतील आणि चपला घालून जातील.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी बोलली. तिचे वडील मकरपुऱ्याच्या एका कंपनीची बस चालवायचे. कॉम्प्युटर आल्या दिवसापासून ही मुलगी दर्शनाच्या तासाला त्याच्याकडे अशी बघत राहायची की मला तिला हटकावं लागे. ती हळूच म्हणाली, "बाई, मला शिकवायचंय."

अख्खा वर्ग सावरून बसला. एकदोघांच्या ओठांवर तर ते वाक्य आलंसुद्धा, तुझं शिकायचं, माझं शिकवायचं. बाईंनीही तोंड उघडलं होतं. मग त्या थांबल्या. त्या मुलीकडे बघत राहिल्या.

"मग शिकव," त्या म्हणाल्या, आणि जाऊन तिच्या जागेवर बसल्या.

मुलगी उभीच. तिला बिचारीला शिकायचं होतं. कशीबशी पुढे गेली आणि म्हणाली, "पण बाई, मला नाही येत ने."

"मला तरी कुठे येतंय? ते ब्रशांच्या डब्याचं चित्र आहे ना, त्याच्यावर दाब. दोनदा. घाईने."

भिंत पांढरी झाली. बाई म्हणाल्या, आता आपलं बडोदं काढ. मुलीने माउस सगळ्या मुठीत धरला आणि एक गोळा काढला. सरळ सांगते, बटाटा. बाईंनी बाकावरूनच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं, कारण मला हसू आणि रडू बरोबरच येत होतं.

मग बाई विचारायला लागल्या. तुझे पप्पा बस कुठे नेतात? मुलीने बटाट्याखाली एक ठिपका दिला, मकरपुरा. नंदेसरी कुठे? तिने डावीकडे खाली दिलं, तसा मागून एक पोरगा म्हणाला की तिथे नाही, ती वरच्या साइडला येते ने, माझे काका जातात. बाई म्हणाल्या, मग ये आणि दाखव. तो आला. ज्याचं आजोळ डभोईला होतं त्याने डभोई उत्तरेलाच नेऊन टाकली. बाई चूक म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं की सकाळच्या बसने आजोळी जाताना ऊन कुठून येतं. तो म्हणाला, समोरून, थोडं डाव्या हाताला, ड्रायव्हर आडवा पडदा ओढतो. मग तूच बघ, बाई म्हणाल्या. त्याने स्वतःच डभोई पुसली आणि खाली उजवीकडे नेली. मग सगळीच पोरं बाकांवरून उठली. हात मागे बांधायचं कुणाला सुचलं नाही. विश्वामित्री कुठून वाहते यावरून दोघांत जुंपली. बाई दुसऱ्या बाकावर, गुडघे कोंबून, हनुवटी हातावर ठेवून बसल्या होत्या आणि मध्येच एखादा प्रश्न टाकत होत्या. भिंतीवरचा जिल्हा वेडावाकडा होता. माझ्या रंगीत नकाशातलं एकही गाव त्या पोरांना आज आठवणार नाही, पण ती डभोई त्या पोराच्या हातून पुन्हा चुकली असेल असं मला वाटत नाही.

घंटा झाली. मागच्या बाकावरचे साहेब उठता उठता मुख्याध्यापकांना म्हणाले, "बेने तो कंई भणाव्युं ज नहीं." बाईंनी तर काही शिकवलंच नाही. त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, आणि बाई जवळच उभ्या होत्या.

मी भांडायला पुढे सरसावले. बाईंनी माझं मनगट धरलं. साहेबांना त्या गुजरातीतच म्हणाल्या की खरं आहे आपलं. मग त्यांनी पिशवी उचलली, दारात चपला घातल्या आणि घरी गेल्या. मुख्याध्यापक मला म्हणाले की तास झाला असंच आम्ही धरू, पण आता बाई राहतात की नाही ते त्यांनाच माहीत. त्या संध्याकाळी घरी मी त्या साहेबांना मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या त्या लिहिण्यासारख्या नाहीत. आणि स्वतःलाही दिल्या, कारण बाईंना त्या खोलीत मीच ओढलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या आधी मी कॉम्प्युटरच्या खोलीत गेले. प्रोजेक्टर झाकायचा राहिला होता. पाठीमागे दारात पावलं थांबली. बाई होत्या. चपला काढून उंबऱ्याशी उभ्या, पदर खोचलेला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण दिवाळीला घरी बसणाऱ्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"मला शिकवायचंय," बाई म्हणाल्या.

उभ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून ते क्रियापद चुकलं नव्हतं. आताही चुकलं की नाही, मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. मी विचारलं नाही आणि दुरुस्तही केलं नाही. खुर्ची ओढून दिली आणि माउस त्यांच्या बाजूला सरकवला.