हंड्याएवढी सरहद्द

काल सकाळी आमच्या गल्लीत टँकरपाशी सुमनताईंनी शेजारच्या शांताबाईंच्या कपाळावर रिकामा हंडा हाणला. रांगेत माणसाऐवजी हंडा उभा करायची इथली रीत. शांताबाईंनी सुमनताईंचा हंडा पायानं मागं सारून आपला पुढं ठेवला होता.

“सून बाळंतीण आहे गं माझी,” त्या म्हणाल्या.

“मग माझ्या दारी काय गंगा वाहते?” म्हणत सुमनताईंनी हात उगारला.

पाण्यावरून देशादेशांत युद्धं होतील, असं वाचताना डोळ्यांपुढं नकाशे येतात. इथली सरहद्द एका हंड्याएवढी होती.

जखम धुवायला कुणीतरी पाणी मागितलं. भरल्या हंड्यांवरचे हात घट्ट झाले. रक्त कोरड्या पदरानं पुसलं. टँकर गेला, तेव्हा दोघींचे हंडे रिकामेच होते.