मधल्या खोलीचं दार

"धूळ फार येते हो," ते म्हणायचे आणि रुमाल काढून चष्मा पुसायला लागायचे.

कचेरीत साहेब ओरडले की धूळ. बदल्यांची कुजबुज सुरू झाली की धूळ. माझ्या बहिणीच्या पाठवणीला ते मांडवाच्या कडेला उभे राहून चष्मा पुसत होते, तेव्हाही धूळच होती, भर पावसाळ्यात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो आणि त्यांच्या शेजारच्याच घरात राहिलो, म्हणून खात्रीने सांगतो, धुळीचं नाव निघालं की या माणसाला दुसरंच काहीतरी म्हणायचं असे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. वयाने माझ्याहून बरेच मोठे, पण मला 'अहो' म्हणायचे. त्यामुळे मला उगाच आपण कोणीतरी असल्यासारखं वाटायचं. तसं वाटायचं असं माझं ते एकच ठिकाण होतं.

नाशिकला आमची कॉलनी म्हणजे एकाला एक चिकटलेली बैठी घरं. पुढची खोली, मग मधली, मग स्वयंपाकघर, आणि मागच्या अंगणात मोरी, संडास, नळ. मागे जायचं तर मधल्या खोलीतूनच. सोसायटीने पुढचं दार दिलं, मागचं दिलं, मध्ये नुसती चौकट दिली. दार ज्याने त्याने आपापल्या सोयीने बसवावं असं ठरलं होतं. कोणीच बसवलं नाही. घरातल्या घरात दार कशाला, असं म्हणत बायकांनी पडदे शिवले.

आमच्या पडद्यावर मोर होते. त्या मोरांच्या आड माझा संसार सुरू झाला. आता पडद्यावर टकटक करता येत नाही, म्हणून आमच्या ओळीत सगळ्यांना खोकला होता. वडील खोकून आत यायचे, आई खोकून बाहेर जायची. मला ती सवय इतकी जडली की साहेबांच्या केबिनमध्येही मी खोकूनच शिरायचो. शेवटी साहेबांनी मला छातीचा फोटो काढून आणायला सांगितला.

मग आज घरोघरी दिसणारी ती एकफळी, सपाट, गुळगुळीत दारं आली कशी? जाणकार सांगतात, सागवान महागलं. फ्लश डोअर वखारीत तयार मिळायला लागलं. महिना-महिना सुताराला चहा पाजायला नको, आणि वर सनमायका चिकटवला की फडक्याने पुसलं, संपलं. सगळं खरं. पण आमच्या ओळीत मी डोळ्यांनी पाहिलं ते असं, की ज्या वर्षी घरातल्या मुलाचं लग्न ठरे, त्याच वर्षी मधल्या चौकटीत दार लागे. आणि ते फळ्यांचं नको असे, कारण फळ्या वाळल्या की त्यांच्यात फटी पडतात. हे कोणी बोलत नसे. सगळे सनमायकाच्या रंगाबद्दल बोलायचे. तुमच्याकडचं पहिलं आतलं दार कधी लागलं, तुम्हीही आठवून बघा.

आमच्याकडे पहिलं दार लागलं ते भाऊंच्या घरी. एकुलता मुलगा सिन्नरला कारखान्यात लागला, लासलगावची मुलगी ठरली. 'पोरगा माझ्याजवळ राहायला पाहिजे, म्हणून तर तीन खोल्यांचं घर घेतलं,' ही एकच गोष्ट भाऊ कुठलीही धूळ मध्ये न आणता सांगायचे. एरवी हा माणूस कशाचाच हट्ट धरत नसे.

"मधल्या खोलीला दार बसवावं म्हणतो," ते मला म्हणाले. "धूळ फार येते."

मी म्हणालो, हो, मागच्या अंगणातून येत असेल. आम्ही दोघांनी अत्यंत गंभीरपणे अंगणाकडे पाहिलं. अंगणात फरशी होती.

मिस्त्री चांदवडकडचा, कामाला पक्का. त्याने दार चौकटीत बसवलं, बिजागऱ्या ठोकल्या आणि विचारलं, "भाऊ, कडी आतून ठोकू का भायेरून?"

आता प्रसंग बघा. पुढच्या खोलीत मुलीचे मामा लग्नाचं बोलायला येऊन बसलेले. वहिनी चहा गाळता गाळता थांबलेल्या. मी खुर्चीवर. आणि मिस्त्रीच्या हातात कडी. भाऊंच्या तोंडातून 'आतून' एवढा एक शब्द निघायला हवा होता. त्यांनी चष्मा काढला.

"नेहमी ठोकता तशीच ठोका," ते म्हणाले.

मिस्त्रीने आजवर आतली दारं बसवली होती ती कांद्याच्या खोलीची नाहीतर धान्याच्या कोठीची. त्यांना कडी बाहेरूनच असते. त्याने बाहेरून ठोकली. मामांनी सनमायकाचा रंग छान आहे असं सांगितलं.

लग्न विहारात झालं, साधं आणि वेळेवर. सून घरी आली. हुशार मुलगी, मोजकं बोलणारी. घर बघता बघता ती त्या दाराशी थांबली, पुढच्या खोलीच्या बाजूची कडी बोटाने हलवून तिने सासूला विचारलं, "आई, ही बाहेरून कशाला?"

वहिनी म्हणाल्या, "मांजर येतं."

त्या घरात मांजर नव्हतं. कॉलनीतही नव्हतं.

त्या दिवसापासून एक नवा आवाज सुरू झाला. निजानीज झाली की मधल्या खोलीत लोखंडी ट्रंक फरशीवरून सरकत दारापर्यंत यायची. सकाळी परत जागेवर जायची. आमच्या घरांची भिंत एकच, त्यामुळे ट्रंक जणू आमच्याच डोक्यावरून जायची. आमची ही दुसरीकडे तोंड करून झोपायची. आपलाही आवाज पलीकडे जात असणार, या धास्तीने माझा खोकला तर कायमचा गेला. पलीकडच्या पुढच्या खोलीत भाऊ आणि वहिनी हे रोज ऐकत होते आणि एकमेकांशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते.

त्यात नळ पहाटे यायचा. पाणी मागच्या अंगणात, आणि तिकडे जायची वाट ट्रंकेच्या पलीकडून. दार वाजवणं वहिनींना शक्य नव्हतं. मग भाऊ बादल्या घेऊन पुढच्या दाराने बाहेर पडायचे, पूर्ण ओळीला वळसा घालून मागच्या बोळातून अंगणात उतरायचे. 'जरा चालणं होतं,' म्हणायचे. भरलेल्या बादल्या घेऊन चालायचा व्यायाम कॉलनीत ते एकटेच करायचे.

एक दिवस कचेरी सुटल्यावर ते मला मेन रोडला घेऊन गेले. दुकानदाराने विचारलं, कडी कोणत्या दाराला हवी? "आहे एक," भाऊ म्हणाले. कडी घेतली, स्क्रू घेतले. पुढे महिनाभर ते पुडकं डब्याच्या पिशवीत कचेरीला यायचं आणि घरी जायचं.

मी म्हणालो, "भाऊ, पोराच्या हातात द्या ना सरळ."

"देईन. पण देताना म्हणू काय?"

"म्हणा, धूळ येते."

मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. मुलाच्या खोलीत शिरून दाराच्या आतल्या बाजूला स्क्रू पिळणं म्हणजे ज्याबद्दल बोलायचं नाही तेच मोठ्याने बोलणं होतं. शेवटी त्यांनी युक्ती काढली. मुलगा कामावर असताना पुडकं मधल्या खोलीच्या खिडकीत ठेवून दिलं. वहिनींनी झाडताना ते पाहिलं आणि खिळ्यांच्या डब्यात टाकलं. भाऊंनी पुन्हा काढून खिडकीत ठेवलं. वहिनींनी पुन्हा डब्यात. असं किती वेळा झालं कोण जाणे. हे त्यांनी मला टेबलावर, फाइलीत तोंड घालून सांगितलं. वहिनींना सांगा ना, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढची फाइल ओढून घेतली.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो असताना मुलगा म्हणाला, "सिन्नरला खोली बघितलीय. रोजची बस जमत नाही."

सून मधल्या चौकटीत उभी होती, मान खाली घालून.

भाऊ म्हणाले, "पहाटेची एक बस असते ना?"

"सुटते ती, बाबा."

बस सुटत नव्हती. तो एक दिवसही उशिरा पोहोचला नव्हता. बापाला ते माहीत होतं, आणि बापाला माहीत आहे हे मुलालाही माहीत होतं. मी समोर बसून चहाच्या रिकाम्या कपातून चहा पीत होतो.

"खोली हवेशीर आहे ना?" एवढंच भाऊंनी विचारलं.

टेम्पोत सामान चढवताना ट्रंकेची एक कडी मुलाने धरली, दुसरी भाऊंनी.

पुढे काही महिन्यांनी एका रविवारी भाऊ मला सोबत घेऊन सिन्नरला गेले. कळवलेलं नव्हतं. वहिनींनी लाडवांचा डबा दिला होता. एसटीतून उतरून विचारत विचारत आम्ही एका चाळीपाशी पोहोचलो. दुपार कलायला आली होती. एकच खोली, एकच दार, साध्या फळ्यांचं. ते बंद होतं, आणि बाहेर कुलूप नव्हतं.

भाऊंनी हात उचलला. तो दारापर्यंत गेला आणि तिथून खाली आला. मग ते वळले आणि समोरच्या कडुनिंबाखालच्या दगडावर जाऊन बसले. मीही शेजारी बसलो. आतून सुनेचं हसू ऐकू आलं. नाशिकच्या घरात ती मोठ्याने हसलेली मी कधी ऐकली नव्हती.

शेजारची एक म्हातारी वाळवण उलटवायला बाहेर आली. आम्हाला न्याहाळून म्हणाली, "कोणाकडं आले, बाबा? वाजवा की दार. घरातच हायेत दोघं."

"असू दे, मावशी," भाऊ म्हणाले. "आम्हीच जरा लवकर आलोय."

आणि त्यांनी लाडवांचा डबा उन्हातून उचलून मांडीवर घेतला.