तक्रारपेटीची किल्ली

तक्रारपेटीची किल्ली मी हरवली आणि तीन आठवडे कोणाला सांगितलं नाही. ती घटना आजही डोक्यातून जात नाही, त्याचं पहिलं कारण हे.

तेव्हा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा ठाणेदार होतो. प्रत्येक कॉलेजात पोलिसांची तक्रारपेटी लावा, दर आठवड्याला उघडा, स्टेशन डायरीत नोंद घ्या, असा वरून आदेश आला. आमच्या हद्दीतल्या कनिष्ठ महाविद्यालयात पेटी लावायला मी जातीनं गेलो, कारण तिथे भाषण करायला मिळणार होतं. माझ्या भाषणाला ठाण्यात कोणी बसत नसे.

बारावी विज्ञानाच्या वर्गात मी विचारलं, "पहिला नंबर कोणाचा?" सगळ्यांनी एका मुलीकडे बोटं केली. मी तिला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि म्हणालो, "ही डॉक्टर झाली की पहिली सुई मी टोचून घेणार." वर्ग हसला. तीही हसली. निदान मला तसं वाटलं.

त्यानंतर किल्ली हरवली. कुलूप तोडता आलं असतं. पण सरकारी कुलूप तोडायचं म्हणजे नोंद, नोंद म्हटली की खुलासा, आणि खुलाशात 'किल्ली ठाणेदारांकडून गहाळ' असं लिहावं लागणार. म्हणून मी गप्प बसलो. एक दिवस सौभाग्यवतींनी बूट पॉलिशचा डबा माझ्यासमोर आपटला. किल्ली ब्रशखाली होती.

पेटी उघडली. पंख्याची तक्रार, समोशाची तक्रार, फाटकावर उभ्या राहणाऱ्या टवाळांची तक्रार. आणि प्रॅक्टिकलच्या वहीतून फाडलेला एक कागद: "साहेब, तुम्ही म्हणाले होते काहीही सांगा. मला पुढचं काहीच दिसत नाही. माझ्या असण्यानं कोणाचं भलं होत नाही. कोणाशी बोलू?"

खाली नाव नव्हतं आणि तारीखही नव्हती. प्रॅक्टिकलची वही म्हणजे विज्ञानाचा वर्ग, आणि 'काहीही सांगा' असं मी बारावीच्या वर्गातच म्हणालो होतो. मी तसाच जीप काढून कॉलेजात गेलो आणि त्या वर्गाचा हजेरीपट मागवला. बासष्टच्या बासष्ट हजर. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पोर जिवंत होतं. आता ते कोणतं, एवढंच शोधायचं होतं.

शहाण्या माणसानं इथे काय केलं असतं, ते मला आता कळतं. मी मात्र गुन्ह्याचा तपास केला. नमुना हस्ताक्षर घ्यायचं ठरवलं. सगळ्या वर्गाला कोरे कागद दिले, शिपायाला पंच म्हणून दारात उभं केलं आणि फळ्यासमोरून एका जुन्या पंचनाम्याचा मजकूर सांगू लागलो. मागून कोणीतरी विचारलं, "साहेब, दरोडा पडला का?" लिहून झाल्यावर कागद गोळा करायला मी भरवशाचं माणूस निवडलं. तीच पहिल्या नंबरची मुलगी.

मग संशयित. शेवटच्या बाकावर दाढी वाढलेला, खांदे पाडून बसणारा एक मुलगा होता. चाचणीत नापास. त्याला प्राचार्यांच्या खोलीत तासभर बसवलं. "खरं सांग, मनात काय आहे?"

"भूक आहे साहेब."

"नापास झालास त्याचं वाईट वाटतं ना?"

"मी आठवीपासून काठावर आहो साहेब, मले सवय झाली. तुम्ही पहिल्या नंबरवाल्यायले विचारा. त्यायचेच हाल खराब असतात."

मी त्याला दम दिला, शहाणपणा शिकवू नकोस म्हणून. त्या दिवसात मिळालेली पहिली पक्की खबर मी अशी हाकलून लावली.

माझ्यासोबत आमच्या महिला हवालदार आल्या होत्या. त्यांना सगळे ताई म्हणत. मी चौकशीत गुंतलो होतो तोवर त्यांनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा उचलला होता. त्या म्हणाल्या, "साहेब, एकसष्टच आहेत."

"काय?"

"कागद. पोरं बासष्ट, कागद एकसष्ट. मुद्देमाल मोजून घ्या म्हणून आम्हालेच सांगता न तुम्ही?"

हजेरीपट लावून पाहिला. कमी असलेला कागद गोळा करणारीचा होता.

तिला खोलीत बोलावलं. तीस वर्षांत मी खुनी बोलते केले होते. त्या मुलीसमोर मात्र मी विचारलं, "अभ्यास कसा चाललाय? डबा काय आणलास? सायकल कोणती?" सायकलवर तर मी बराच वेळ बोललो. खरा प्रश्न मी टाळत राहिलो. मला वाटायचं की विचारलं तर नसलेला विचार आपणच तिच्या डोक्यात घालू.

ताईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. आवाज अजिबात न बदलता म्हणाल्या, "बेटा, मरावं असं येते का मनात?"

मी ताईंचा हात धरणार होतो. तेवढ्यात मुलीनं इतका लांब श्वास सोडला की मला तो टेबलापलीकडे ऐकू आला.

"येते," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

मग ती बोलत राहिली. झोप येत नव्हती. वाचलेलं टिकत नव्हतं. सराव परीक्षेत गुण घसरले, ते तिनं घरी लपवले. वडील एसटीत वाहक, उमरखेडच्या गाडीवर. लेक डॉक्टर होणार, हे तिकिटाबरोबर अर्ध्या तालुक्याला सांगून झालेलं. "आणि त्या दिवशी तुम्ही बी," ती माझ्याकडे न पाहता म्हणाली. मी टेबलावरचा पेपरवेट पाहत बसलो.

ताईंनी तिला एक मिनिट एकटं सोडलं नाही. वडील थेट गाडीवरून आले, गळ्यात तिकिटाचं मशीन तसंच. मी त्यांना सगळं सांगितलं. आता ते रागावतील, म्हणून मी मध्ये उभा राहिलो. त्यांनी मला हातानं बाजूला केलं आणि मुलीला विचारलं, "जेवली का तू?" ती रडायला लागली. तेही रडले. मशीन मध्ये अडकत होतं, पण काढायचं त्यांना सुचलं नाही.

दुसऱ्याच दिवशी ताई त्या दोघांना घेऊन यवतमाळला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेल्या. औषध आणि समुपदेशन बरेच महिने चाललं. मधे दोनदा पोरगी पुन्हा खचली, दोन्ही वेळा तिनं स्वतःहून सांगितलं. बारावी तिनं पुढच्या वर्षी दिली. वडिलांनी गाडीत ते भाकीत सांगणं बंद केलं.

गुन्हा दाखल नाही, आरोपी नाही, बक्षीस नाही. तरी सेवेतला कोणता तपास मोठा, असं कोणी विचारलं तर मी हाच सांगतो, आणि तो माझा नव्हता हेही सांगतो. तो ताईंचा होता आणि त्या काठावरच्या पोराचा. सगळ्यात जास्त त्या मुलीचा, जिनं तशा अवस्थेत चार ओळी लिहिल्या आणि माझ्यासारख्या माणसाची तीन आठवडे वाट पाहिली. या तिघांचे उपकार मी विसरू शकत नाही. मी एवढंच शिकलो की शंका आली तर सरळ विचारावं. विचारल्यानं पोरगं मरत नाही, त्याला दार सापडतं. उत्तर 'हो' आलं तर भाषण करू नये, जवळ बसावं, घरच्यांना बोलवावं आणि डॉक्टरांकडे न्यावं.

निवृत्तीनंतर साखर तपासायला यवतमाळच्या एका लॅबमध्ये गेलो. पांढऱ्या कोटातल्या बाईंनी माझी बाही वर केली आणि म्हणाल्या, "पहिली सुई घेणार होते न साहेब? डॉक्टर नाही झाली मी, पण सुई हीच असते."

ओळख पटली आणि माझे डोळे भरले. इतकी वर्षं मनात ठेवलेलं तिथेच कबूल करून टाकलं. किल्ली हरवली होती, खुलासा द्यावा लागेल म्हणून गप्प बसलो, माफ कर बेटा.

तिनं ऐकून घेतलं, शीर शोधली आणि सुई टोचत म्हणाली, "कुलूप तोडाचं न मग. एवढ्या मोठ्या ठाण्यात तुमच्याजवळ एक हातोडी नव्हती का?"