न वाजणारी गाणी

ते प्रकरण आठवलं की आजही माझी मान अभिमानाने ताठ होते. थोडी लाजही वाटते, ती का ते पुढे येईलच.

मी तेव्हा बुऱ्हाणपुरात पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एक शिक्षिका तक्रार घेऊन आल्या. शनवारा भागातल्या एका दुकानात त्यांनी मोबाइल दुरुस्तीला दिला होता. दुकानदाराने त्यातले खासगी फोटो उतरवून घेतले आणि आता तो 'एकटी भेटायला ये, नाहीतर शाळेच्या ग्रुपवर टाकतो' म्हणून धमकावत होता. बाई म्हणाल्या, "साहेब, फोटो पसरले तर मी शाळेची पायरी चढणार नाही."

दुकानाच्या झडतीत काहीच हाती लागेना. शेजारचा शिंपी हळूच म्हणाला, "साब, देवाच्या फोटोमागं बघा ना. पेनड्राइव तिथंच ठेवतो तो."

सापडला. उघडला, तर आत नुसती गाण्यांची नावं, आणि एकही गाणं वाजेना.

"पुराने गाने हैं साहब, खराब हो गए," दुकानदार थंडपणे म्हणाला. मी पंचनाम्यात लिहिलं, 'गाणी, नादुरुस्त'. वस्तूवर जे नाव असेल तेच उतरवायचं, ही आमची जुनी खोड. पुडीवर हळद लिहिलं असेल तर आम्ही हळदच लिहिणार.

ठाण्यात आणून दुपारभर विचारपूस केली, पण तो बधला नाही. धमकी तोंडी होती, पुरावा नव्हता. त्याला सोडायची तयारी झाली, तेव्हा खकनार गावची आमची महिला आरक्षक, म्हणजे शिपाई, पुढे आली. "सर, सगळीच गाणी एकदम कशी खराब होतील? नावावर जाऊ नका ना."

तिने पेनड्राइव्हची प्रत काढली, मूळ सील करायला लावला आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर 'फाइल' नावाची कमांड दिली. ही कमांड नावाला भुलत नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणा वाचून आत काय आहे ते सांगते. प्रत्येक गाण्यापुढे एकच उत्तर आलं: फोटो.

मी दुकानदाराला समोर बसवलं. "बोल, पहिलं कोणतं गाणं ऐकवतोस?" यादी पाहून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नावं आपणच बदलल्याचं त्याने सांगितलं.

माझी चूक कबूल करणारा पूरक पंचनामा मी स्वतःच्या हाताने लिहिला.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणी कोणी बघितले?"

"मी एकटीनं, मॅडम. ओळख पटवायला एकच उघडला," आरक्षक म्हणाली. "बाकीचे उघडायची गरजच पडली नाही."

तपास म्हणजे सगळं उघडून बघणं, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. काय बघायचं नाही, हे मला माझ्याच ठाण्यातल्या या पोरीने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या घंटेला बाई शाळेत हजर होत्या.